डग्गा कुठे गेला? क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या पॅडबाबत या चुका टाळा

गणपतीत आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाड्यात गाण्याची बैठक झाली, तिचं रेकॉर्डिंग मी केलं. घरी येऊन रात्री उशिरापर्यंत क्लोज्ड-बॅक, म्हणजे वाटीची बाहेरची बाजू बंद असलेला, हेडफोन लावून मिक्स करत बसलो. डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा, बारीक वाटत होता, म्हणून खालचा भाग सहा डेसिबलनी उचलला. सकाळी तबल्यावर बसलेले काका फाईल घ्यायला आले. दिवाणखान्यातल्या स्पीकरवर लावली, तर पहिल्या तिहाईलाच खिडकीची काच थरथरली. "अरे, हा डग्गा आहे की ढोल? मी एवढा कधी घुमवला?" काका म्हणाले.

चूक ना काकांच्या हाताची होती, ना हेडफोनच्या ड्रायव्हरची, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची. माझ्या चष्म्याची काडी आणि उजव्या पॅडला पडलेली भेग, या दोघांनी मिळून रात्रभर मला फसवलं होतं.

पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलली की तबला बदलतो, हे ग्वाल्हेरात कुणाला सांगावं लागत नाही. पॅड मात्र कानाला टोचू नये म्हणून दिलेली उशी आहे, असं आपण धरून चालतो. बहुतेक चुका तिथूनच निघतात.

आधी एवढं समजून घ्या. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. हेडफोनच्या वाटीत जागा असते दोन-चार सेंटिमीटर. तिथे ती लहर मावत नाही. ड्रायव्हर काय करतो, तर पॅड आणि कान यांच्यामध्ये कोंडलेली हवा सायकलच्या पंपासारखी दाबतो आणि ओढतो. त्या दाबालाच आपण बेस म्हणतो. कुठे फट राहिली की दाब तयार होण्याआधीच हवा निसटते. वरच्या स्वरांत मात्र दाब इतक्या वेगाने बदलतो की अरुंद फटीतून हवेला ये-जा करायला वेळच मिळत नाही. म्हणून तबल्याच्या काठावरची चाट, किनार, गाण्यातले 'स', 'श' सगळं जागेवर असतं आणि फक्त तळ जातो. आवाज कमी झाला असं वाटत नाही, हेडफोन 'पातळ' वाटतो. काडीएवढ्या फटीने खालचे स्वर १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त घसरू शकतात.

तपासायचं कसं? इथे गाणाऱ्यांच्या घरात एक हमखास चूक होते: तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बघतात. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, पण त्यात वरचे सहस्वर इतके भरगच्च असतात की मूळ स्वर गळाला तरी कान तो मनाने भरून काढतो. खर्ज ऐकू येतोय असंच वाटत राहतं. डग्गा असा फसवत नाही. डग्ग्याची घसीट (तळहात घासून काढलेला घुमारा) असलेली, ओळखीची एखादी फाईल लावा आणि दोन्ही वाट्या तळहाताने हलकेच कानाकडे सरकवा. घुमारा एकदम भरून आला, तर फट आहे. जोर लावून दाबू नका; तसं दाबलं तर चांगल्या हेडफोनमध्येही खोटा बेस येतो आणि निष्कर्ष चुकतो.

आता फट येते कुठून? चष्मा हे पहिलं कारण. जाड काडीची फ्रेम पॅडला कानामागे उचलून धरते. मी मिक्सिंगसाठी जुनी, तारेसारख्या काडीची फ्रेम ठेवली आहे. दिसायला मास्तरकी वाटते, पण काम होतं. कानातली, विशेषतः लोंबती, हे दुसरं. कानावर आलेले केस हे तिसरं. आणि आमच्या गावाचं खास चौथं: जानेवारीतली कानटोपी. माझा भाचा लोकरीच्या टोपीवरून हेडफोन चढवून "मामा, बेसच येत नाही" म्हणत महिनाभर इक्वलायझर फिरवत होता. लोकरीच्या विणीतून हवा अशी जाते की पॅड असून नसल्यासारखं.

थंडीचाच दुसरा प्रकार मेमरी फोमचा. हा फोम गार पडला की कडक होतो आणि जबड्याच्या खळग्यात, कानामागच्या हाडाशी नीट बसत नाही. सकाळी गार खोलीत हेडफोन लावल्या लावल्या मत बनवू नका. पाच-दहा मिनिटं डोक्यावर राहू द्या, अंगाच्या उबेने तो मऊ पडतो. उन्हाळ्यातली चूक उलटी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की लोक पॅडवर सुती खोळ चढवतात. घाम टिपला जातो हे खरं, पण कापडातून हवाही जाते, आणि खोळ ड्रायव्हरवरून ताणलेली असेल तर वरचे स्वरही थोडे मंदावतात. ऑनलाइन वर्गाला चालेल, मिक्सिंगला नाही.

मग पॅड बदलायची वेळ येते आणि खरी गंमत सुरू होते. इथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या दुकानदाराने मला सांगितलं, "भाईसाब, सब एक ही है, लग जाएगा।" लागलंही. पण लागणं वेगळं आणि वाजणं वेगळं. मखमली पॅड मऊ आणि गार असतं, म्हणून मोह होतो. पण मखमलीतून हवा झिरपते. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोला मखमली पॅड असतं आणि तो क्लोज्ड-बॅकच आहे, मग? तो त्या पॅडसकट जुळवलेला आहे. तेच पॅड लेदरच्या पॅडवर बेतलेल्या दुसऱ्या हेडफोनला लावलंत, तर डग्गा गेलाच समजा. लेदरवर बारीक भोकं असलेल्या पॅडचंही थोडं तसंच.

जाडीचंही बघा. जाड पॅड ड्रायव्हरला कानापासून दूर नेतं, आतली जागा वाढवतं; आवाज मोकळा वाटतो, पण तळ थोडा हलका पडू शकतो आणि वरच्या स्वरांतले उंचवटे जागा बदलतात. दबून चपटं झालेलं पॅड कानाची पाळी थेट ड्रायव्हरच्या जाळीला टेकवतं, तेव्हा टोपी बदलल्यासारखा स्वभावच बदलतो. ज्याला आपण नव्या हेडफोनचं 'रुळणं' म्हणतो, त्यात माझ्या मते बराचसा वाटा पॅड मऊ पडण्याचा असतो.

म्हणून मॉडेलचं नाव सांगून त्याचंच पॅड मागा. सोनीचा एमडीआर-७५०६ तर १९९१ पासून बाजारात आहे; अशा जुन्या, रुळलेल्या मॉडेलची पॅड मिळायला त्रास पडत नाही.

बसवताना घाई नको. पॅडची किनार वाटीच्या खाचेत पूर्ण फिरून बसली पाहिजे. एका जागी अडकवून हळूहळू फिरवत न्या, अडलं तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आत ढकला. नखं आणि स्क्रूड्रायव्हर दूर ठेवा. शेवटी बोट सगळीकडून फिरवून बघा, कुठे किनार दुमडून राहिली असेल तर तिथूनच गळती. जुन्या पॅडमध्ये फोमची पातळ चकती असेल तर ती फेकू नका, वरच्या स्वरांचा तोल तिच्यावर असतो. आणि ड्रायव्हरभोवतीची बारीक छिद्रं 'फट' समजून टेपने बुजवू नका; ती कारखान्याने मुद्दाम ठेवलेली असतात.

पॅड सोलपटतं ते घाम, दमट हवा आणि डोक्याचं तेल यांनी. पीयू लेदर, म्हणजे प्लास्टिकचं नकली चामडं, ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, मग कानावर काळे खवले चिकटतात. तेल लावून हेडफोन घालू नका, स्पिरिट-सॅनिटायझरने पुसू नका. किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या डब्यात कोंडून ठेवणं म्हणजे तर आमंत्रणच.

नॉइज कॅन्सलिंगवाल्यांसाठी, म्हणजे बाहेरचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कापणारा हेडफोन असणाऱ्यांसाठी, एक सूचना. ज्या मॉडेलमध्ये वाटीच्या आत माइक असतो, त्यात छोटी फट कॅन्सलिंग चालू असताना झाकली जाऊ शकते. शंका आली तर ते बंद करूनही ऐका.

राहिला एका बाजूचा आवाज कमी येण्याचा प्रश्न. लोक थेट वायर बदलतात. त्याआधी हेडफोन उलटा घाला, डावी वाटी उजव्या कानावर. कमजोरी वाटीबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली, तर पॅड, वायर किंवा ड्रायव्हर बघा. त्याच कानाला चिकटून राहिली, तर त्या बाजूचं बसणं बघा: हाड, केस, चष्म्याची वाकलेली काडी. माझ्या बाबतीत एकदा यातलं काहीच निघालं नाही. कानात मळ होता. डॉक्टरांनी काढला आणि एका बाजूला सरकलेला तबला मध्यावर आला.