टर्बो गाडीचं ट्यूनिंग: मोठा आकडा नको, सलग ओढ हवी

डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा सर्वांत मोठा आकडा मिरवणारी गाडी एकदा स्वतः चालवून बघा. २,५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मरगळ, मग एकदम लाथ, आणि वर गेल्यावर धाप. शक्ती म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले ९,५४९ (टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, उत्तर किलोवॉटमध्ये). टॉर्क रुंद पट्ट्यात सपाट राहिला की शक्ती आपोआप सरळ चढते. त्यामुळे आधी टॉर्कचा आकार ठरवा, शिखराचं नंतर बघू.

इथे पेट्रोल इंजिन गृहीत धरलंय. प्लग, इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप, हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर हे सगळं ठीक असेलच. नसेल तर लॅपटॉप उघडूच नका.

फुल थ्रॉटलला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) साधारण ०.८० ते ०.८५ ठेवा. इंधनाचं काम इथे संपलं.

आता बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात भरतो तो हवेचा वाढीव दाब. मला सर्वांत जास्त छळलं ते याच टप्प्याने. टार्गेट आणि प्रत्यक्ष बूस्टमधला फरक बघून आपोआप दुरुस्ती करणारा कंट्रोल म्हणजे पीआयडी. त्यावर सरसकट सल्ला मिळतो, "पीआयडीचे आकडे वाढवत जा, बूस्ट टार्गेटला चिकटेल." चिकटत नाही, झोके घेतो. पीआयडी आधी पूर्ण बंद करा. वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) सांभाळणाऱ्या सॉलेनॉइडला ठरावीक ड्यूटी (तो किती टक्के वेळ चालू राहील) द्या, समजा २० टक्के, चौथ्या गिअरमध्ये डायनोवर खालपासून वरपर्यंत एक ओढ घ्या आणि कोणत्या आरपीएमला किती बूस्ट आला ते लॉग करा. मग ३०, ४०. टार्गेटच्या वर बूस्ट गेला की लगेच पाय काढायचा. या नोंदींवरून ड्यूटीचं मूळ टेबल भरा. टेबल नीट भरलं तर पीआयडीला करायला फारसं काही उरतच नाही.

इंटिग्रल (पीआयडीचा मागची तफावत साठवत जाणारा भाग) मात्र जपून. टर्बो फिरायला लागेपर्यंत टार्गेट आणि प्रत्यक्ष बूस्टमध्ये मोठी तफावत असते. त्या काळात इंटिग्रल साचत जातं, आणि टार्गेट आलं तरी वेस्टगेट वेळेवर उघडत नाही; बूस्ट उसळतो. म्हणून टार्गेटपासून ०.२ बारच्या आत आल्यावरच ते चालू होऊ द्या. ओव्हरबूस्ट कट (बूस्ट हद्दीबाहेर गेला की इंजिनाची ताकद तोडणारी मर्यादा) आधीच लावून ठेवा, कारण वेस्टगेटची नळी निसटली तर पीआयडी काही वाचवणार नाही.

टार्गेटसुद्धा पायरीसारखं लावू नका. २,००० ला पूर्ण बूस्ट मागणं हा शुद्ध वेडेपणा आहे. कमी वेगात सिलिंडरमधला दाब प्रचंड वाढतो, डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. साधारण ३,००० पर्यंत हळूहळू चढवा. रेडलाइनकडे (इंजिनाच्या कमाल आरपीएमकडे) थोडा उतरवा. तिथे लहान टर्बो दाबापेक्षा उष्णताच जास्त देतो.

इग्निशन एकेक अंशाने पुढे न्या, म्हणजे ठिणगी थोडी लवकर. टॉर्क वाढायचा थांबला की थांबा. त्याआधीच नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण स्फोटासारखं आपोआप पेटणं) आलं तर दोन अंश मागे. इंटरकूलर तापलेला असताना हीच ओढ पुन्हा घ्या. थंड इंजिनावरचा लॉग फार गोड बोलतो.

शेवटी पेडलचा मॅप. अर्ध्या पेडलला नव्वद टक्के टॉर्क देऊन गाडी "जलद" वाटायला लावणारे खूप आहेत. तसं केलंत तर ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना पाय कुठे ठेवावा तेच कळणार नाही. पेडल जितकं दाबलं, टॉर्क साधारण तितकाच मिळू द्या.