दाढ काढायची आहे? मग आधी हे वाचा

दाढ काढायची ठरली की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. माझी खालची अक्कलदाढ निघाली त्या दिवशी आत्या फोनवरून सांगत होती, "थुंकत राहा गं, सगळं खराब रक्त जाऊ दे." तिचं ऐकलं असतं तर पुढचा आठवडा कण्हण्यात गेला असता. दाढ निघाली की तिथे खड्डा उरतो, त्यात रक्त साकळून गुठळी होते आणि खालच्या हाडावर तेवढंच एक पांघरूण असतं. ते सुटलं की हाड उघडं पडतं. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि ठणका कानापर्यंत जातो. तेव्हा खालची बहुतेक तयारी ही त्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या गुठळीची राखण आहे, असं धरून चाला.

सुरुवात वारापासून. शनिवार संध्याकाळची वेळ घेऊ नका. रात्री रक्त थांबेना झालं तर रविवारी बहुतेक दवाखान्यांना कुलूप. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, म्हणून लग्नाच्या किंवा गणपतीच्या तोंडावरही नको. शक्यतो सकाळची वेळ घ्या, म्हणजे काही शंका आली तर दिवसभर विचारता येतं. डॉक्टरांना आधी एकदा सरळ विचारून घ्या, "रूट कॅनाल करून वाचेल का?" अक्कलदाढेचा प्रश्न वेगळा. ती आडवी वाढलेली असेल आणि पुन्हा पुन्हा हिरडी सुजत असेल, तर तिच्यावर जीव लावण्यात अर्थ नाही. खालच्या अक्कलदाढेची मुळं ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या जवळ असू शकतात. तेव्हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला सांगितला तर पैसे उकळतायत असं समजू नका.

मग गोळ्यांची पिशवी. घरात ज्या डब्यात किंवा पिशवीत गोळ्या असतात, ती उचलून तशीच घेऊन जा. नावं आठवत बसू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) चालू असतील तर ते सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. शेजारच्या काकांनी "चार दिवस थांबवल्या, काही झालं नाही" म्हटलं तरी नाही. बंद करायच्या का, हे हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतील. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगायचं. बायका हे हमखास विसरतात, कारण 'हाडांच्या औषधाचा दाताशी काय संबंध?' संबंध आहे: त्या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेली असेल, दिवस गेलेले असतील, कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल, हेही आधीच.

उपाशी जाऊ नका. पूर्ण भूल असेल तरच उपास, आणि तसं डॉक्टर आधी सांगतात. नुसती जागेवरची भूल असेल तर पोटभर नाश्ता करा, बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, मधुमेह असेल तर गोळी आणि जेवण दोन्हीची वेळ पाळा. खुर्चीवर चक्कर येते त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात नुसता चहा असतो. भुलेच्या इंजेक्शननंतर दोन मिनिटं छाती धडधडली तर तसं सांगा. त्यात बहुतेक वेळा अॅड्रेनॅलिन असतं, त्याने होतं. नंतर दुखत नाही, पण दाब जाणवतो आणि कडकड आवाज ऐकू येतो. त्या आवाजाची मला कुणी कल्पना दिली नव्हती. जबडाच मोडला असं वाटून मी डॉक्टरांचा हात धरला होता. वरची दाढ काढली की नजर कमी होते, ही भीती मात्र घरीच ठेवून जा. दृष्टीची नस वेगळी, दाताची वेगळी.

निघण्याआधी घरात काय असावं? फ्रिजमध्ये बर्फ, गार ताक, केळी, गुरगुट्या भाताचे तांदूळ काढून ठेवलेले, नाचणीची आंबील आवडत असेल तर ती. आइस्क्रीम चालतं, पण चमच्याने आणि बदामाचे तुकडे नसलेलं. शहाळं प्यालात तर पेल्यातून, स्ट्रॉ नको. ओढून पिण्याने गुठळी निसटते. चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, तिळाची चटणी, ठेचा आठवडाभर बाजूला.

दात निघाल्यावर गॉजचा बोळा दाबून धरायचा, साधारण अर्धा-पाऊण तास. बोलायचं नाही, दर दोन मिनिटांनी काढून बघायचं नाही, लाळ गिळायची. भूल उतरायला दोन ते चार तास लागतात; तोवर गरम चहा नको, खाणंही नको. माझ्या भाच्याने त्या बधिर वेळात ओठ असा चावला की दातापेक्षा ओठच जास्त दिवस दुखला. दुखण्याची गोळी भूल उतरण्याआधी घ्या, ठणका सुरू झाल्यावर धावपळ नको. गालाला बर्फ रुमालात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं लावायचा आणि तेवढंच थांबायचं. रात्री दोन उशा, वर जुना टॉवेल. सकाळी त्यावर गुलाबी डाग दिसला तर घाबरू नका, लाळेत थोडं रक्त उतरतंच.

पहिले चोवीस तास गुळणी नाही, थुंकणं नाही. सिगारेट, तंबाखू, मशेरी तर नकोच, आणि ती निदान तीन दिवस तरी. "चिमूटभर, त्या बाजूला नाही लावणार" हेही चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, खळखळून नव्हे, तोंडात फिरवून सोडून द्यायचं. खड्ड्यात लवंग कोंबू नका.

तिसऱ्या दिवशी आरशात पांढुरकं-पिवळट काहीतरी दिसेल. तो पू समजून काडीने कोरू नका, जखम भरतेय. पण दोन-चार दिवसांनी कमी झालेलं दुखणं अचानक उसळलं आणि तोंडाला घाण चव आली, तर ड्राय सॉकेट असू शकतं. फोन करून जाऊन या. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात, बरंच हायसं वाटतं. अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच राहिला, तर वाट पाहू नका. गिळताना किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

टाके असतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे असतील तर तेही नाही. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने जातात. तोवर जीभ सारखी तिथेच जाते. मला दहाव्या दिवशी तिथे भाताचं एक शीत सापडलं, आणि तेही गुळणीनेच निघालं.