कर्नल कॉन्फिगर करताय? आधी सगळ्या वायरी जोडा

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मेन्यूकॉन्फिग म्हणजे त्यात काय घ्यायचं ते निवडायचा मेन्यू. तिथं वाय म्हणजे कर्नलमध्येच पक्कं, एम म्हणजे लागेल तेव्हा चढणारा वेगळा तुकडा (मॉड्यूल) आणि एन म्हणजे बंद, एवढं कळलं की पुरे. माझी जिथं फजिती झाली तेवढंच सांगतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवीन कामाला लागलो होतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी छोटा पीसी तयार करायचा होता. वजनकाट्याशेजारी बसून कास्टिंगचं वजन वाचायचं, एवढंच त्याचं काम. डिस्ट्रोचं (तयार मिळणाऱ्या लिनक्सचं) अख्खं कॉन्फिग, म्हणजे निवडींची फाईल, घेऊन कर्नल बांधायला माझ्या जुन्या लॅपटॉपला तीन तास लागले. सिनियर म्हणाले, "एवढं कशाला करत बसलायस? लोकलमॉडकॉन्फिग मार आणि मोकळा हो की." मारलं. ही आज्ञा वापरात नसलेली मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकते. अर्ध्या तासात कर्नल तयार! डिस्क लहान म्हणून जुना कर्नलही काढून टाकला. हा माझा स्वतःचा शहाणपणा, सिनियरांचा नव्हे.

शिरोलीत काट्याची वायर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरमधून जोडली. कन्व्हर्टरचा तांबडा दिवा लागला. "दिवा लागलाय म्हंजे चालू हाय की सायेब," फोरमन मामा म्हणाले. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, १ए८६:७५२३ हा आयडीही उमटला, म्हणजे सीएच३४० चिप कर्नलला दिसत होती. पण त्याखाली टीटीवाययूएसबी० ची, म्हणजे जिथून वजन वाचायचं त्या पोर्टची, ओळ काही येईना. तीनदा वायर काढून घातली. मामा आपले दिव्याकडं बोट दाखवत उभे.

आता नीट वाचा. लोकलमॉडकॉन्फिग तुमचं हार्डवेअर तपासत नाही. ते २००९ सालच्या २.६.३२ पासून कर्नलमध्ये आहे आणि बघतं फक्त एलएसमॉडची यादी, म्हणजे या घडीला मेमरीत कोणती मॉड्यूल आहेत ते. 'एम' केलेलं जे यादीत नाही, ते बंद. मी यादी काढली तेव्हा पीसीला कीबोर्ड, मॉनिटर आणि लॅनची वायर एवढंच जोडलं होतं. काटा शिरोलीत, कन्व्हर्टर पिशवीत. कन्व्हर्टर चालवणारं मॉड्यूल, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, यादीत येणार कुठून? मशीनला उद्या जे लागणार आहे ते आज जोडलेलं नसेल, तर ते तुमच्या कर्नलच्या लेखी नाहीच.

कर्नलचा सोर्स कोड राजारामपुरीत, खोलीवरच्या लॅपटॉपमध्ये. पंचगंगेचा पूल ओलांडून परत आलो. मेन्यूकॉन्फिगमध्ये सीएच३४१ (सीएच३४० चिपचाही ड्रायव्हर हाच) सापडेना, कारण त्याच्या वरचं 'यूएसबी सिरियल कन्व्हर्टर सपोर्ट'च बंद झालेलं. वरचं बंद असलं की खालचं मेन्यूत दिसतच नाही. अशा वेळी तिरकी रेघ दाबून नाव शोधा आणि 'डिपेंड्स ऑन' वाचा. डॉट कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्या निवडींच्या फाईलीत, हातानं ओळ घुसडू नका. अवलंबित्व पुरं होत नसेल तर पुढच्या मेकला (कर्नल बांधायच्या आज्ञेला) ती गुपचूप गायब होते. दोन्ही 'एम' केले, मॉड्यूल बांधली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि सकाळी पुन्हा शिरोली.

पेन ड्राइव्ह लागेना! यूएसबी स्टोरेजसुद्धा त्याच यादीनं उडवलं होतं. शेवटी लॅनच्या वायरीनं फायली पाठवल्या, डेपमॉडनं मॉड्यूलची नोंद केली, मॉडप्रोबनं ती चढवली, आणि काट्यावर ठेवलेलं कास्टिंग स्क्रीनवर १२.४० किलो दिसलं. मामांनी विचारलं, "मग काल दिवा कशाचा लागला होता?" दिव्याला वीज लागते, ड्रायव्हर नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

घाबरू नका. चुकीच्या कॉन्फिगनं मशीन सहसा मरत नाही, ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या मेन्यूत) जुना कर्नल ठेवला असेल तर रीबूट करून दोन मिनिटांत मागं येता. तो काढलात तर मात्र रडू नका. कॉन्फिगमधल्या लोकलव्हर्जनला, म्हणजे आवृत्तीमागच्या शेपटीला, स्वतःचं नाव द्या, नाहीतर त्याच आवृत्तीची नवी मॉड्यूल जुन्यांवर जाऊन बसतात.

सिनियरांबद्दल माझं मत कडू आहे. जो तुमचा कीबोर्ड ओढून घेतो त्याच्याकडून काही शिकता येत नाही. "डीमेसेज आधी आण, मग बोल" म्हणणारा खडूस बरा. शॉर्टकटला माझी ना नाही, लोकलमॉडकॉन्फिग मी आजही वापरतो. फक्त आता टेबलाखाली बुटांचं खोकं असतं: तीन जातीचे कन्व्हर्टर, पेन ड्राइव्ह, बारकोड स्कॅनर, वायफायचा डोंगल. सगळं एकेक करून जोडतो आणि मगच एलएसमॉडची यादी काढतो.