वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन वर्गासाठी सॉफ्टवेअर निवडताना

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांसाठी घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग आम्ही फोंड्याहून चालवतो. वर्गणी दरमहा ४९९ रुपये आहे आणि सभासद डिचोली-पेडण्यापासून पुणे, मुंबई व थेट आखातापर्यंत पसरलेले आहेत. असा व्यवसाय उभारताना बहुतेक जण आधी जाहिरातीचे सॉफ्टवेअर पाहतात आणि पैसे घेण्याची सोय शेवटी कुठेतरी जोडून देतात. आम्हीही तसेच केले. एका परदेशी सॉफ्टवेअरची आकर्षक पाने पाहून ते घेतले, पहिल्या महिन्याची वर्गणी व्यवस्थित जमा झाली आणि दुसऱ्या महिन्यात भारतीय कार्डांवरची बहुतेक वसुली नापास झाली. म्हणून चेकआउट, म्हणजे पैसे भरण्याची व्यवस्था, आधी ठरवावी आणि जाहिरातीचे साधन तिच्याशी जुळेल असे निवडावे, असा माझा आग्रह आहे.

वसुली अडण्याचे कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून दर महिन्याला आपोआप रक्कम वळती करायची असेल, तर सभासदाने सुरुवातीला ओटीपी देऊन रीतसर मंजुरी, म्हणजे ई-मँडेट, द्यावी लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी त्याला पूर्वसूचना जावी लागते. ओटीपीविना वळती होणाऱ्या रकमेची सर्वसाधारण मर्यादा आरंभी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली. त्यामुळे वार्षिक वर्गणी १५,००० च्या वर ठेवली, तर नूतनीकरणाच्या वेळी सभासदाला स्वतः येऊन मंजुरी द्यावी लागेल, आणि तो येईलच याचा भरवसा धरता येत नाही. हे सारे पाळणारे गेटवे, म्हणजे सभासदाचे पैसे आपल्या खात्यापर्यंत आणणाऱ्या सेवा, भारतात आहेत. रेझरपे, कॅशफ्री, पेयू ही त्यांतली परिचित नावे. यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप रक्कम वळती होण्याची सोय, २०२० पासून उपलब्ध आहे आणि ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही अशा सभासदांसाठी ते अत्यावश्यक आहे. परदेशी गेटवेंपैकी पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा बंद केली, तर स्ट्राइप २०२४ पासून येथील नव्या व्यावसायिकांना केवळ निमंत्रणानेच खाते देते. त्यामुळे एखादे सॉफ्टवेअर फक्त या दोघांशीच जोडता येत असेल, तर त्याची बाकीची वैशिष्ट्ये वाचण्यात वेळ घालवू नये.

या निवडीकडे इतके लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. ईमेलची यादी एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात टाकणे हे एका दुपारचे काम आहे. मँडेट मात्र ज्या गेटवेवर घेतले त्याच्याशी बांधलेले असते. गेटवे बदलला की बहुधा प्रत्येक सभासदाकडून नव्याने मंजुरी मागावी लागते, आणि मागितली की काही जण हळूच गळतात. म्हणून सभासद-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घेताना गेटवेचे खाते आपल्या नावावर राहील की विक्रेत्याच्या, हे लेखी विचारून घ्यावे. वर्डप्रेसवर मेंबरप्रेससारखे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवले, तर खाते आपलेच राहते, पण देखभालही आपल्यालाच करावी लागते. ग्राफीसारख्या तयार सेवेत देखभालीचा ताप नसतो, मात्र तिच्या चौकटीबाहेर जाता येत नाही. घरात संगणकाची जाण असलेले कोणी नसेल, तर मी तयार सेवाच सुचवीन.

वसुली नापास झाल्यावर सॉफ्टवेअर काय करते, हे विक्रीच्या पानावर क्वचितच लिहिलेले असते. खात्यात पैसे नसणे, कार्डाची मुदत संपणे, पूर्वसूचना पाहून सभासदाने वसुली थांबवणे, अशी कारणे दर महिन्याला निघतातच. तीन-चार दिवसांची सवलत देऊन पुन्हा प्रयत्न करणारे आणि मधल्या काळात सभासदाला सौम्य शब्दांत कळवणारे सॉफ्टवेअर हवे. त्याच क्षणी वर्गाचे दार लावणारे नको.

जीएसटीचा विचारही चेकआउटच्या वेळीच करावा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. दरमहा ४९९ रुपयांच्या हिशेबाने वर्षभर टिकणारे ३३५ सभासद झाले की ती ओलांडली जाते. त्यानंतर गोव्यातल्या सभासदाच्या बिलावर सीजीएसटी व एसजीएसटी (केंद्राचा व राज्याचा वाटा), तर महाराष्ट्रातल्या सभासदाच्या बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य कर) लागतो, म्हणून पैसे भरण्याच्या पानावर राज्य विचारण्याची सोय असलीच पाहिजे. १८ टक्के दर धरून कर वर्गणीतच समाविष्ट केला, तर ४९९ पैकी सुमारे ४२३ रुपये आपले उरतात, आणि त्यातूनच गेटवेची फी जाते. आखातातल्या किंवा युरोपातल्या सभासदांसाठी परदेशी कार्डे स्वीकारण्याची परवानगी गेटवेकडून वेगळी घ्यावी लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करावा.

जाहिरातीच्या साधनांत मला ईमेल अजूनही पहिले वाटते. दराची पद्धत मात्र नीट वाचावी. मेलचिंप ही ईमेल-सेवा यादीतल्या संपर्कांवर पैसे आकारते आणि ज्यांनी नाव काढून घेतले आहे तेही, संग्रहात हलवले नाहीत तर, मोजले जातात. ब्रेव्हो पाठवलेल्या ईमेलच्या संख्येवर आकारते. आमच्यासारखी मोठी यादी आणि वर्षातून मोजकी पत्रे असतील, तर दुसरी पद्धत परवडते. ईमेल स्वतःच्या डोमेनवरून पाठवावा आणि ईमेल खरोखर आपणच पाठवला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी डोमेनला लावून घ्याव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांकडून त्या मागतेच, पण लहान यादीलाही त्यांचा उपयोग होतो. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या साध्या अॅपमध्ये एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात. त्यापुढे एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून संदेश पाठवण्याची जोडणी, घ्यावे लागते आणि जाहिरातीच्या संदेशांचे पैसे पडतात. एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत, नोंदणी लागते. लहान वर्गाने त्या वाटेला जाऊच नये.

पैसे घेणारे आणि जाहिरातीचे, या दोन्ही सॉफ्टवेअरचे एकमेकांशी बोलणे जुळले नाही, तर वर्गणी भरलेल्या सभासदालाच 'आजच सभासद व्हा' असे पत्र जाते आणि हसे होते. पैसे जमा झाले, वसुली नापास झाली, सभासदत्व रद्द झाले, या तिन्ही घटनांची वर्दी वेबहुकने, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला आपोआप पाठवलेल्या निरोपाने, जाहिरातीच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचायला हवी.

रद्द करण्याचे बटण सहज सापडेल अशा ठिकाणी असावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीच्या सापळ्यात ग्राहकाला अडकवणे हा अनुचित प्रकार मानला आहे. आमच्या धंद्यात त्याहून उपयोगी ठरले ते 'विराम' देण्याचे बटण, कारण विसर्जन झाले की निम्मे विद्यार्थी घुमट खुंटीला टांगतात आणि पुढच्या आषाढात परत येतात.

खरेदीपूर्वी चाचणी-मुदतीत स्वतःच्याच कार्डाने व यूपीआयने सभासद व्हावे, दुसऱ्या महिन्याची वसुली होईपर्यंत थांबावे, मग रद्द करून परतावा मागून पाहावा. बिलाची पीडीएफ देवनागरी नावाने काढून पाहायला विसरू नये. 'श्रीकृष्ण' आणि 'ज्ञानेश्वर' ही नावे जोडाक्षरे न फुटता छापली गेली, तर बाकीची मराठी बहुधा नीट उमटते. ही सारी परीक्षा चवथीच्या निदान तीन महिने आधी उरकावी.