फोल्डर दिसतो, पण डिस्क जोडलेली आहे का? : माउंट शिकणाऱ्या नवख्यांसाठी

लिनक्स सर्व्हरच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीच्या दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते : तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये लिहिताय, तो कोणत्या डिस्कवर आहे? माउंटची, म्हणजे डिस्क फोल्डरला जोडायची, कमांड बहुतेकांना पाठ असते, तरी या प्रश्नाला उत्तर येत नाही. क्लासमध्ये हा विषय अर्ध्या तासात उरकतात. नोकरीत मात्र मध्यरात्री येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, म्हणून तो नीट शिकून घ्या असं मी कळकळीने सांगते.

विंडोजवर वाढलेल्या माणसाला सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असे वेगवेगळे कप्पे दिसायची सवय असते. लिनक्समध्ये एकच झाड असतं, त्याचं मूळ म्हणजे रूट, आणि प्रत्येक डिस्क या झाडाच्या कुठल्यातरी डिरेक्टरीवर (म्हणजे फोल्डरवर) आणून जोडायची. त्या जागेला माउंट पॉइंट म्हणतात. नोव्हेंबर १९७१च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही जोडायची आणि सोडवायची अशा दोन्ही कमांड आहेत, म्हणजे ही रचना युनिक्सच्या अगदी सुरुवातीपासूनची. सोडवायची कमांड 'यूमाउंट', ती टाइप करताना यू नंतर एन येत नाही, थेट एम येतो. नवखे इथे हमखास अडखळतात.

कुठलीही डिस्क जोडण्याआधी पाहायला शिका. एलएसबीएलके ही कमांड डॅश एफ देऊन चालवली की मशीनवरच्या सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशन (डिस्कचे भाग), त्यांवरची फाइलसिस्टिम (फाइली मांडायची पद्धत), यूयूआयडी (प्रत्येकीचा वेगळा ओळखक्रमांक) आणि सध्या ती कुठे जोडलेली आहेत, हे सगळं एकत्र दिसतं. वरच्या माझ्या प्रश्नाचं थेट उत्तर फाइंड-एमएनटी देते. तिला डॅश मोठा टी आणि फोल्डरचा पत्ता द्या, तो फोल्डर कुठल्या फाइलसिस्टिमवर बसलाय ते ती सांगते. नुसत्या एलएसने आतल्या फाइली दिसतात, डिस्क कळत नाही.

सराव करायला दुसरी डिस्क लागत नाही. ट्रंकेट कमांडने दोनशे एमबीची एक रिकामी फाइल बनवा, तिच्यावर एमकेएफएसने ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम घाला, घरच्या फोल्डरात 'सराव' नावाची डिरेक्टरी करा आणि माउंटला लूप हा (फाइललाच डिस्क मानणारा) पर्याय देऊन ती फाइल तिथे जोडा. पण जोडण्याआधी त्या डिरेक्टरीत 'जुनी' नावाची एक छोटी फाइल ठेवा. जोडल्यावर आत पाहा : 'जुनी' गायब, आणि तिच्या जागी 'लॉस्ट प्लस फाउंड' नावाची डिरेक्टरी. डिस्क सोडवा, 'जुनी' जशीच्या तशी परत. ती कुठेही गेली नव्हती, फक्त झाकली गेली होती. हा प्रयोग स्वतःच्या हाताने करा, वाचून सोडू नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता याची उलटी बाजू बघा. एका ठिकाणी रोज रात्री 'बॅकअप' डिरेक्टरीत डेटाबेसची प्रत जायची आणि त्या डिरेक्टरीवर एक स्वतंत्र मोठी डिस्क जोडलेली असायची. सर्व्हर रीबूट झाला आणि ती डिस्क काही जोडली गेली नाही. डिरेक्टरी मात्र जागेवर होती, त्यामुळे स्क्रिप्टला काहीच वावगं वाटलं नाही. ती निमूटपणे रूट डिस्कवर लिहीत राहिली. रूट शंभर टक्के भरली, लॉग लिहायला जागा उरली नाही आणि एकेक सेवा बंद पडू लागली. मग घाईघाईत कुणीतरी बॅकअपची डिस्क जोडली, त्याबरोबर रूटवर साचलेल्या प्रती तिच्याखाली झाकल्या गेल्या. डिस्कची भरलेली जागा सांगणारी डीएफ म्हणतेय रूट भरलेली आहे, फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही, आणि फाइली कुठेच दिसत नाहीत.

मुलाखतीत हाच प्रश्न विचारतात : डीएफ आणि डीयूचे आकडे का जुळत नाहीत? बरेच जण एकच कारण सांगतात. एखादी फाइल पुसलेली असते, पण कुठल्यातरी प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती अजून उघडी धरलेली असते. हे कारण बरोबरच आहे, आणि अशा फाइली उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला प्लस मोठा एल आणि १ दिलं की सापडतात. दुसरं कारण माउंटखाली झाकलेल्या फाइलींचं, ते फार थोडे सांगतात. त्या पाहायच्या तर चालू सेवा थांबवायची गरज नाही. रूटला बाइंड पर्यायाने (तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणाऱ्या) स्लॅश एमएनटीवर आणखी एकदा जोडा आणि तिथून 'बॅकअप'मध्ये शिरा. बाइंड करताना वर जोडलेल्या इतर डिस्क सोबत येत नाहीत, त्यामुळे खालची मूळ डिरेक्टरी उघडी दिसते.

हे मुळात घडूच नये म्हणून दोन गोष्टी करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट नावाच्या कमांडला डॅश क्यू देऊन तपासा, आणि जागा जोडलेली नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. आणि डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला सीएच-अॅटरने प्लस आय, म्हणजे 'बदल करू नका' अशी खूण, लावून ठेवा. मग डिस्क नसेल तेव्हा रूट वापरकर्त्यालाही (सगळे अधिकार असलेल्या) तिथे नवी फाइल बनवता येत नाही, आणि डिस्क जोडली की काम नेहमीसारखं चालतं. मला स्वतःला हा दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, कारण स्क्रिप्टमध्ये माणसं बदल करत राहतात.

सोडवण्याकडे लोक फार हलकेपणाने बघतात. कॉपी संपली, प्रॉम्प्ट परत आला, म्हणजे डेटा पेनड्राइव्हवर पोचला असं नसतं. लिनक्स आधी मेमरीत लिहून घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मूळ सेटिंगनुसार मेमरीतला डेटा तीस सेकंदांनी जुना धरला जातो आणि मग तो खाली उतरवायची पाळी येते. संथ पेनड्राइव्हवर मोठी फाइल असेल तर पुढे आणखी वेळ जातो. म्हणून सोडवायची कमांड बराच वेळ अडकल्यासारखी वाटते, तेव्हा खरं काम चाललेलं असतं. कंट्रोल सी दाबू नका. दुसऱ्या टर्मिनलमध्ये स्लॅश प्रॉक स्लॅश मेमइन्फोमधली 'डर्टी' ही, अजून खाली न उतरलेल्या डेटाची, ओळ बघत राहा. आकडा उतरत जाताना दिसेल.

'टार्गेट इज बिझी' हा निरोप आला की पहिल्यांदा स्वतःचं टर्मिनल बघा. बहुतेक वेळा आपणच सीडी (डिरेक्टरीत शिरायची कमांड) करून त्या डिरेक्टरीत बसलेलो असतो. तसं नसेल तर डिस्क कोण वापरतंय ते सांगणारी फ्यूझर डॅश व्हीएम. ज्या प्रोसेसपुढे सी अक्षर दिसतं तिची चालू डिरेक्टरी तिथे आहे, एफ दिसलं तर फाइल उघडी आहे. त्याच फ्यूझरला डॅश के दिलं की त्या सगळ्या प्रोसेस मारल्या जातात, आणि तिथे डेटाबेस चालू असेल तर काय होईल ते सांगायला नको. सोडवायच्या कमांडला डॅश एल देणं, म्हणजे आळशी पद्धतीने सोडवणं, हा उपाय इंटरनेटवर फार सहज सुचवला जातो. त्याने डिस्क झाडातून दिसेनाशी होते, पण ज्यांनी फाइली उघडल्यात ते लिहीतच राहतात. डिस्क सुटली असं समजून ती उपसली किंवा तिच्यावर एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं तर फाइलसिस्टिम मोडू शकते. नेटवर्कवरून फोल्डर पुरवणारा एनएफएस सर्व्हर मेलाय आणि दुसरा इलाज नाही, अशा वेळीच मी तो पर्याय वापरते.

रीबूटनंतर डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून तिची ओळ एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायची. तिथे एसडीबी१ असं नाव लिहू नका. ही नावं बूट होताना सापडण्याच्या क्रमाने पडतात आणि बदलू शकतात. अॅमेझॉनच्या क्लाउडवर तर जोडताना एक नाव दिलेलं असतं आणि नवीन मशीनवर आत एनव्हीएमईचं (नव्या प्रकारच्या डिस्कचं) वेगळंच दिसतं. यूयूआयडी लिहा. डेटाच्या डिस्कला 'नोफेल' हा, डिस्क नसली तरी बूट चालू ठेवणारा, पर्याय द्या. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर बूट सांभाळणारा सिस्टिमडी मूळ सेटिंगप्रमाणे दीड मिनिट वाट बघतो आणि मग मशीन इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या स्थितीत) जातं. समोर कीबोर्ड असेल तर माउंटला रीमाउंट आणि आरडब्ल्यू (वाचा-लिहा) हे पर्याय देऊन रूट लिहिण्याजोगी करता येते आणि ओळ दुरुस्त करता येते. दूरच्या क्लाउड मशीनवर दुरून शिरायचा मार्ग, म्हणजे एसएसएचच सुरू होत नाही, तेव्हा फार धावपळ होते. आणि एक लक्षात असू द्या : 'नोफेल' दिलं की मशीन डिस्कशिवायही वर येणार, म्हणून वरची माउंटपॉइंटची तपासणी आणखीच गरजेची.

फाइल सेव्ह केल्यावर लगेच रीबूट करू नका. आधी फाइंड-एमएनटीला डॅश डॅश व्हेरिफाय द्या, ती चुकलेल्या ओळी दाखवते. मग सिस्टिमसीटीएलने डेमन रीलोड (सिस्टिमडीला सेटिंग पुन्हा वाचायला लावणं), आणि शेवटी माउंट डॅश ए, जी एफएसटॅबमधलं सगळं जोडून बघते. तिन्ही विनातक्रार झालं तरच पुढे जा.

रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्सची प्रमाणपत्र परीक्षा द्यायचा विचार असेल तर यूयूआयडी किंवा लेबलने बूटवेळी फाइलसिस्टिम जोडणं हे तिच्या अभ्यासक्रमात नाव घेऊन दिलेलं आहे. परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर असते आणि केलेली मांडणी रीबूटनंतर टिकली तरच धरली जाते. तयारीसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक मशीन घ्या, तिला दुसरी डिस्क लावा आणि मुद्दाम एफएसटॅबमधल्या यूयूआयडीतलं एक अक्षर बदलून, 'नोफेल' न देता रीबूट करा. इमर्जन्सी मोडमधून मशीन परत उभं करायचा सराव कुठलाही व्हिडिओ न बघता जमेपर्यंत करा. मग तीच ओळ 'नोफेल' देऊन पुन्हा चालवा, आणि वर आलेल्या मशीनवर डिस्क जोडलेली नाही हे तुम्हाला कशावरून कळलं, ते वहीत लिहून काढा.