ऊन, वारा आणि वणवा : बांधाला काडी लावण्यापूर्वी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमच्या शेताच्या बांधावर एका मार्च महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, मी स्वतः काडी ओढली होती. त्या दिवशी पारा ३४ अंशांच्या आसपास होता, आकाश निरभ्र होते आणि वारा जवळजवळ पडलेला होता, त्यामुळे गुडघाभर गवत जाळून बांध मोकळा करायला याहून बरी वेळ मिळणार नाही, असे मला वाटले. अर्ध्या तासात घाटाकडून वारा सुटला आणि आग बांध ओलांडून शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेत शिरली. सात-आठ माणसांनी हिरव्या डहाळ्या घेऊन ती आटोक्यात आणली, तरी काजूची काही झाडे होरपळलीच. त्या दुपारी मी कोणत्या गोष्टी पाहिल्या आणि कोणत्या पाहिल्या नाहीत, याचा नंतर पुष्कळ विचार केला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीपासून अथणी-रायबागपर्यंत दरवर्षी होणाऱ्या चुका बहुतेक त्याच असतात.

पाऱ्याचा आकडा पाहून ठरवणे

पहिली चूक म्हणजे आगीचा धोका तापमानावरून जोखणे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. परंतु हा निकष माणसाच्या प्रकृतीसाठी आहे, वाळलेल्या गवताला त्याच्याशी कर्तव्य नाही. गवताला कळतो तो हवेतील ओलावा. पहाटे २० अंश तापमानाला हवेची आर्द्रता ६० टक्के असेल आणि दिवसभरात बाष्पाचे प्रमाण तेवढेच राहिले, तर दुपारी ३६ अंशांवर तीच आर्द्रता जेमतेम २४ टक्क्यांवर येते, कारण तापलेल्या हवेची बाष्प सामावण्याची ताकद वाढलेली असते. काडीएवढ्या जाडीचे गवत, उसाचा पाला, भाताची पिंजर यांतील ओलावा या बदलामागोमाग तासाभरात उतरतो. सकाळी आठ वाजता पेटवूनही न पेटणारे गवत दुपारी दोन वाजता एका ठिणगीने भडकते ते यामुळे, आणि सकाळी करून पाहिलेली परीक्षा दुपारी उपयोगाची राहत नाही तीही यामुळेच.

वणवे विझवणाऱ्यांमध्ये जगभर एक ढोबळ ठोकताळा चालतो : तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरहून अधिक, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लागलेली आग माणसाच्या हाताबाहेर जाते. आपल्याकडे मार्चनंतर अनेक दुपारी यांतील पहिल्या दोन अटी आधीच पूर्ण झालेल्या असतात आणि उरते ती केवळ वाऱ्याची वाट.

याला जोडूनच दुसरी गफलत होते, ती म्हणजे बेळगावचा आकडा सगळ्या जिल्ह्याला लावण्याची. बातम्यांत जे तापमान ऐकू येते ते बहुधा सांबऱ्याच्या विमानतळाकडचे, सावलीत ठेवलेल्या यंत्राने मोजलेले असते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आणि सह्याद्रीला लागून आहे, तर अथणी तेथून सरळ रेषेतही शंभर किलोमीटरहून दूर, दीड-दोनशे मीटर खाली आणि पर्जन्यछायेत आहे. बेळगावकरांना संध्याकाळी शाल आठवावी अशी हवा असते, त्याच वेळी अथणीच्या माळावर गरम झळा चाललेल्या असतात. विजापूरकडची तर गोष्टच सोडा. हवामान खात्याच्या ‘मेघदूत’ ॲपवर जिल्हावार तापमानाबरोबर आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांचाही अंदाज मिळतो. सल्ल्याचा मजकूर कन्नडमध्ये असला आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नसला, तरी हे आकडे कोणीही वाचून दाखवू शकते. आपण मात्र त्यांतला तापमानाचा एकच आकडा पाहतो आणि ॲप बंद करतो.

“यंदा पाऊस चांगला झाला, आता भीती नाही”

हे वाक्य गावोगावी ऐकू येते आणि ते उलटे आहे. पाऊस चांगला झाला म्हणजे गायरानात, बांधावर, डोंगराच्या उतारावर गवत माजते, आणि फेब्रुवारीपर्यंत ते सगळे वाळून उभे राहते. दुष्काळी वर्षात जळायला काही उरलेलेच नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खऱ्याखुऱ्या वाळवंटात सापडते. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात एरवी झुडपे एकमेकांपासून दूर आणि मध्ये उघडी वाळू असते, त्यामुळे एक झुडूप पेटले तरी आग दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पण ओला हिवाळा गेला की त्या मोकळ्या जागेत बाहेरून आलेले रेड ब्रोमसारखे गवत उगवते, उन्हाळ्यात ते वाळते आणि झुडपाझुडपांमध्ये जणू वात पसरली जाते. २०२२-२३ च्या ओल्या हिवाळ्यानंतर जुलै २०२३ मध्ये तेथे लागलेल्या यॉर्क आगीत सुमारे ९३ हजार एकर क्षेत्र जळाले, आणि जोराच्या वाऱ्यात आगीच्या वावटळी उठलेल्या लोकांनी पाहिल्या. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये विजेमुळे लागलेल्या डोम आगीत तर जोशुआ नावाची सुमारे १३ लाख झाडे गेल्याचा अंदाज आहे. आपल्या तालुक्यांत वाळवंट नाही, परंतु खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे जेथे धो धो पाऊस पडतो, तेथील सड्यांवरचे, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ पठारांवरचे, गवत फाल्गुनात हेच काम करते. २०११ साली अभयारण्य जाहीर झालेले भीमगडचे जंगलही याच पट्ट्यात येते.

वेळ, दिशा आणि वारा

आता मुख्य मुद्दा. ऊसतोड संपली की खोडव्याच्या, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाच्या, तयारीसाठी फडातला पाला पेटवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पाला कुजवणे सर्वांत उत्तम, हे येथे एकदा स्पष्ट सांगून टाकतो. एका हेक्टरमागे आठ ते दहा टन पाला निघतो, सरींत पसरून कुजवला तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते आणि ओलावाही टिकतो. पेटवला तर त्यातील नत्र जवळजवळ सगळे धुरात जाते. तरीही बांधावरचे गवत, रोगट पाला किंवा रब (रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा) जाळण्याची वेळ काहींवर येतेच, म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

दुपारी जाळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मार्च ते मे या काळात दुपारनंतर पश्चिमेचा, म्हणजे घाटाकडचा वारा जोर धरतो. माझ्या बाबतीत घडले ते हेच : दोन वाजताची शांतता म्हणजे वारा येण्यापूर्वीची उसंत होती, आणि मी तिला दिवसाचा स्वभाव समजलो. पूर्ण वाळलेल्या गवतात आग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्शाने पळते, असा ढोबळ हिशेब आहे. वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर आग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे मिनिटाला शंभर मीटर. एक एकराचा चौकोनी तुकडा एका बाजूने सुमारे ६४ मीटर भरतो. याचा अर्थ ४० गुंठे ओलांडायला आगीला पुरते एक मिनिटही लागत नाही. विहिरीवरून घागर भरून आणायला किती वेळ लागतो, ते प्रत्येकाने आपापल्या शेतावर मोजून पाहावे.

म्हणून जाळायचेच असेल तर पहाटे दव असताना किंवा सकाळी लवकर सुरुवात करावी आणि ऊन चढण्यापूर्वी काम संपवावे. रात्री जाळणे सोयीचे वाटते, पण अंधारात उडालेली ठिणगी दिसली तरी ती कोठे पडली ते समजत नाही, आणि आपण दमून घरी जातो.

पेटवण्याची बाजूही बहुतेक जण चुकीची निवडतात. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला काडी लावली की आग पाठीवर वारा घेऊन धावते. काम लवकर उरकते म्हणून लोकांना हेच आवडते. याउलट वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाला, मोकळ्या केलेल्या पट्ट्याला लागून पेटवले तर आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावे लागते. ती हळू चालते, ज्वाळा आखूड राहतात आणि कंटाळा येतो, पण ती ताब्यात राहते. भोवतीचा पट्टा खरवडून माती उघडी करावी. नुसते गवत कापून तेथेच टाकले तर तो पट्टा म्हणता येणार नाही. हा पट्टा ज्वाळेच्या उंचीच्या किमान दीडपट रुंद असावा असे सांगतात, परंतु उसाचा जळता पाला वाऱ्यावर तरंगत दूर जाऊन पडतो हे ध्यानात घेतल्यास तेवढ्यावर विसंबणे बरे नाही. शेजारच्या उभ्या उसाला झळ लागली तर जळीत ऊस लगेच तोडून कारखान्याकडे न्यावा लागतो, वजन घटते, कपात सोसावी लागते, आणि मग बांधाचे भांडण तीन पिढ्या चालते.

वळिवाच्या दिवसांत आणखी एक फसगत होते. ढग भरून आले, गडगडू लागले, की “आता पाऊस येणारच आहे, आग आपोआप विझेल” अशा विचाराने लोक उरलेला कचरा पेटवतात. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत विरतो, तेव्हा ती हवा गार आणि जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते. पाऊस पोहोचण्याच्या बऱ्याच आधी, काही वेळा दहा किलोमीटर पुढेही, हा वारा येतो आणि पश्चिमेचा वारा एकदम पूर्वेचा होतो. आगीची जी मागची बाजू इतका वेळ संथपणे धुमसत होती तीच मग आगीचे तोंड बनते. पाऊस कधी येतो, कधी नुसत्या चार टपोऱ्या थेंबांवर भागवून जातो. ढग दिसले की काडीपेटी खिशात ठेवावी, आणि वीज कडाडू लागली तर माळावर उभेही राहू नये.

डोंगराचा उतार

“डोंगर पेटवला की गवत चांगले फुटते” या समजुतीत थोडे तथ्य आहे, कारण राखेतून हिरवा कोंब लवकर वर येतो आणि गुरांना तो आवडतो. परंतु जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात त्या उघड्या उताराची माती ओढ्यात जाते, हा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय राखीव जंगलाला आग लावणे किंवा तेथे पोहोचेल अशी आग सोडून देणे हा १९६३ च्या कर्नाटक वन कायद्याखाली गुन्हा आहे.

चढावर आग वेगाने चढते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो, असे मानतात. वणवा विझवायला गेलेल्या माणसाने आगीच्या वर, चढाच्या बाजूला कधीही उभे राहू नये आणि वर पळून सुटका होईल असे समजू नये. आगीच्या तोंडाशी भिडण्याऐवजी मागून आणि बगलेने डहाळ्यांनी झोडपत पुढे सरकावे. संकट अंगावर आलेच, तर जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर जावे, कारण तेथे पुन्हा जळण्यासारखे काही नसते. अंगात नायलॉनचा शर्ट किंवा साडी नको, सुती कपडे हवेत. झळ आणि ऊन दोन्ही एकदम सोसताना माणूस तहान लागेपर्यंत पाणी पीत नाही, आणि येथेच चूक होते. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्याची वाट धरावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

विझली असे वाटणे

ज्वाळा दिसेनाशी झाली म्हणजे आग विझली, असे नसते. झाडाचे खोड, बांधातली मुळे, उकिरडा, वाळलेले शेण यांत निखारा रात्रभर, क्वचित दोन-तीन दिवसही जिवंत राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटताच पुन्हा फुलतो. राख काठीने उकरावी, पाणी शिंपडावे, पुन्हा उकरावी आणि हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागते का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी बारा वाजता एक फेरी मारणे आवश्यक आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी माळावर उरलेल्या राखेलाही हेच लागू आहे.

कडब्याची गंजी घराला किंवा गोठ्याला चिकटून, त्यातही विजेच्या तारेखाली रचणे ही नेहमीची चूक आहे. उन्हाने तारा सैल पडतात, वाऱ्यात एकमेकींना घासतात आणि ठिणग्या खाली पडतात. अशा लोंबत्या तारांची तक्रार १९१२ या क्रमांकावर उन्हाळ्याच्या आरंभीच नोंदवावी. दमट कडबा घाईने रचला तर तो आतून कुजताना तापतो, त्यामुळे वळिवात भिजलेल्या पेंढ्या वाळवूनच चढवाव्यात.

आग हाताबाहेर जात आहे असे वाटल्यावरही लोक आणखी दहा मिनिटे स्वतःच झटतात आणि मग फोन करतात. १०१ किंवा ११२ वर पहिल्याच मिनिटाला कळवावे. पलीकडचा माणूस कन्नड बोलणारा असण्याची शक्यता अधिक, म्हणून गावाचे नाव, जवळचे देऊळ किंवा शाळा आणि ‘बेंकी’, म्हणजे आग, हा एक शब्द तरी घरातल्या प्रत्येकाला सांगता यावा. बंब येणाऱ्या रस्त्यावर एकाने जाऊन उभे राहावे, कारण शेताकडे वळणारी गाडीवाट बाहेरच्या माणसाला सापडत नाही.