पावसाळ्यापूर्वी सिमेंटच्या पत्र्यांचे छप्पर दुरुस्त करताना

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला, की नागपुरात गळक्या छपरांची कामे निघतात. अशा कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो. वरून धडधाकट दिसणारा जुना पत्रा कोणतीही चाहूल न देता तुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. त्यामुळे जे काम घरातून, घडीच्या शिडीवर उभे राहून होऊ शकते, त्यासाठी वर चढूच नये.

चढणे अटळ असेल, तर काम सकाळी सहा ते नऊ या वेळात उरकावे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तापलेल्या छपरावर भोवळ येणे म्हणजेच तोल जाणे होय. वारा सुटला असेल किंवा पत्रे ओले असतील, तर काम पुढे ढकलावे.

शिडी कठीण जमिनीवर टेकवावी. छपराची कड १२ फुटांवर असल्यास शिडीचा पाया भिंतीपासून ३ फूट दूर असावा आणि वरचे टोक कडेच्या वर ३ फूट निघालेले असावे. ते टोक बांधून घ्यावे. तोपर्यंत खाली एकाने शिडी धरून ठेवावी. नागपूरच्या महाल, इतवारीसारख्या दाट वस्तीत विजेच्या तारा छपराला खेटून जातात, म्हणून लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी उचलण्यापूर्वी आधी वर पाहावे.

पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नये. हुक-बोल्टची ओळ जिथे दिसते, तिथे खाली आधाराचा अँगल किंवा वासा असतो; किमान दोन आधारांवर टेकेल अशी जाड, रुंद फळी आडवी टाकून तिच्यावरूनच सरकावे. मात्र फळीमुळे पडण्याचा धोका संपत नाही, म्हणून पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट घालून त्याची दोरी काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला बांधावी, पाण्याच्या टाकीला नव्हे. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा धुळीने ओळखू येत नाही. तो कुठे आहे हे आधी घरातून पाहून ठेवावे. जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे तो कापू किंवा घासू नये.

खालच्या खोलीत कुणाला थांबू देऊ नये. कुणी पडलेच, तर त्याला न हलवता १०८ क्रमांकावर फोन करावा.